चार भोकांचा फ्रीज

भामरे काका कुणाच्या घरी गेले की आधी माणसांकडे बघत नाहीत, बिजागऱ्यांकडे बघतात.

आपण "या, बसा" म्हणत असतो आणि हा गृहस्थ दाराशी वाकून, चष्मा कपाळावर सारून, नखाने काहीतरी खरवडत असतो. मग डॉक्टरने रिपोर्ट वाचावा तशा आवाजात जाहीर करतो, "गंज शे." काका मूळचे सटाण्याकडचे. एरवी बोलणं अगदी शहरी, पण गंज दिसला, राग आला किंवा आनंद झाला की थेट अहिराणी सुरू, आणि 'आहे'चा 'शे' होतो. माझ्या मुलीचं लग्न ठरवताना आम्ही मुलाचं घर बघायला गेलो, तेव्हा वडीलधारे म्हणून काकांना सोबत नेलं. मुलाच्या वडिलांनी कौतुकाने विचारलं, "कसं वाटलं घर?" काका म्हणाले, "माणसं चांगली आहेत. गॅलरीच्या ग्रिलला मात्र गंज शे." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. लग्न झालं म्हणा. जावयाने आधी ग्रिल घासलं, मग मुंडावळ्या बांधल्या.

पाथर्डी फाट्याच्या अलीकडे आमची रो-हाउसची गल्ली आहे. काकांची आणि माझी भिंत एकच. मी शाळेत गणित शिकवते, म्हणून काका मला 'मॅडम' म्हणतात आणि माझ्या मापांवर तेवढा विश्वास ठेवतात. स्वतः बत्तीस वर्षं सातपूरच्या एका कंपनीत ग्राइंडिंग मशीनवर होते, फर्स्ट शिफ्टला. रिटायर झाल्यावर त्यांनी पार्किंगच्या शेडमध्ये वर्कशॉप थाटलं, आणि काकूंची स्कूटी उन्हात गेली.

काकांचं दुसरं पालुपद म्हणजे "हे गांगुर्डेला दाखवायला पाहिजे." कडी नीट बसली, गांगुर्डेला दाखवायला पाहिजे. काकूंच्या आप्पे पात्राचा दांडा दुरुस्त झाला, गांगुर्डेला दाखवायला पाहिजे. हे गांगुर्डे त्याच मशीनवर सेकंड शिफ्टला होते. म्हणजे रोज दुपारी तीनला एक निघणार, दुसरा येणार. बत्तीस वर्षांची दोस्ती, पण रोज दहा मिनिटांची.

मी गांगुर्डेंना कधी पाहिलं नव्हतं. एकदा काकूंना विचारलं, "अहो, हे गांगुर्डे येत का नाहीत कधी?"

काकू मेथी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. "गांगुर्डे वहिनी गेल्या ना, दीड वर्ष झालं. तेव्हापासून माणूस घराबाहेर नाही. मुलगा लांब असतो, जेवणाचा डबा येतो. फोन उचलत नाहीत. हे जातात दर गुरुवारी. हे गंजाबद्दल बोलतात, ते भिंतीकडे बघतात. अर्ध्या तासाने हे उठून येतात." मग हळूच म्हणाल्या, "तो घराबाहेर पडला पाहिजे, एवढंच चालू असतं यांच्या डोक्यात. दुसरं काही नाही."

मला फार वाईट वाटलं. पण वाईट वाटणं एक आणि कुरडया एक.

झालं असं, की गेल्या उन्हाळ्यात काकांना वाळूच्या फवाऱ्याने गंज उडवायचं खूळ लागलं. कॉम्प्रेसर आणला, वाळू चाळली आणि मागच्या अंगणात उघड्यावर जुन्या गेटवर फवारा सोडला. गंज उडाला, हे खरं. पण वाळूही उडाली, आणि माझ्या गच्चीवर तीन किलो गव्हाच्या कुरडया वाळत होत्या! संध्याकाळी एक तळून तोंडात टाकली तर दाताखाली कचकच. मी तशीच ताटली घेऊन काकांच्या दारात उभी राहिले. "घ्या काका, खा."

काकांनी अख्खी कुरडई शांतपणे चावून खाल्ली. डोळे मिटून म्हणाले, "चाळणी बरोबर लागली. साठ नंबर." काकू पदर तोंडाला लावून आत पळाल्या.

"अहो, ही धूळ छातीत गेली म्हणजे?" मी ओरडलेच. "वाळू उघड्यावर मारायची नाही. गल्लीतर्फे सांगते."

"बरोबर आहे, मॅडम," काका म्हणाले. "वाळू बंद. काचेची बारीक पूड आणतो. आणि पेटी पाहिजे."

पेटी म्हणजे चारी बाजूंनी बंद खोका. वर काच, पुढे दोन भोकं, भोकांना आतून लांब रबरी हातमोजे. हात मोज्यात घालायचे, काचेतून बघायचं, आत फवारा मारायचा. धूळ बाहेर येत नाही. अंबडला एका दुकानात तयार पेटी मिळते कळल्यावर काका मला साक्षीदार म्हणून घेऊन गेले. पेटीवर टकटक केलं. मग मोज्यात हात घालून डोळे मिटून इतका वेळ उभे राहिले, की दुकानदाराने मला खुणेनेच विचारलं, काका बरे आहेत ना?

"पत्रा पापडाचा आहे," काका शेवटी म्हणाले. "आणि एका माणसाचीच आहे."

"मग किती माणसं घालायचीत आत?" मी म्हटलं. काका टेप काढून पेटीची रुंदी मोजायला लागले.

पेटी घरीच बनवायची ठरली, आणि तीसुद्धा जुन्या फ्रीजची. फ्रीजचं दार घट्ट लागतं, कडेने रबर असतो, आयती हवाबंद पेटी. झालं! काका वर्तमानपत्राच्या पट्ट्या खिशात घालून घरोघर हिंडू लागले. फ्रीजच्या दारात पट्टी अडकवायची, दार लावायचं, पट्टी ओढायची. सहज निघाली तर रबर नापास. जोशीबाईंचा फ्रीज नापास झाला, तर त्या चार दिवस काकांशी बोलल्या नाहीत. बोऱ्हाड्यांचा पास झाला, पण काकांनी टेप लावून मान हलवली. "बुटका आहे."

माझा फ्रीज उंचीला पास, रबरला पास. एकच अडचण, तो चालू होता.

तेव्हापासून रोज सकाळी भिंतीवरून हाक. "मॅडम, फ्रीजची तब्येत कशी आहे?"

"ठणठणीत आहे!"

"बर्फ होतो का नीट?"

"दृष्ट लावू नका काका!"

मेल्याने बरोबर वैशाखात मान टाकली. दूध नासलं, कैरीचं पन्हं गरम झालं आणि मी डोक्याला हात लावून बसले, तोच काका दारात हजर. चेहरा सांत्वनाला आल्यासारखा, हातात टेप. "चांगला फ्रीज होता," म्हणाले. "कधी नेऊ?"

मेकॅनिकने गॅस काढला, यंत्र सोडवलं, आणि माझा फ्रीज काकांच्या शेडमध्ये लोखंडी स्टँडवर पाठीवर झोपला. दार झालं वरचं झाकण, झाकणात काच बसली. धूळ ओढायला काकूंचा व्हॅक्यूम क्लीनर लागला. "गेला सासरी," काकू म्हणाल्या. मी स्वतः वर्तमानपत्राची पट्टी लावून चारी बाजूंनी ओढली. फाटली, पण निघाली नाही. माझ्या फ्रीजचा मला अभिमान वाटला.

मग काकांनी भोकं पाडली, आणि गल्लीला वर्षभराचा विषय मिळाला.

दोन नाही, चार! दोन उजवीकडे, दोन डावीकडे. बरं, डावीकडची दोन सरळ दोन इंच खाली! ज्या माणसाने गणपतीचं मखर एका बाजूला सुताएवढं कललं म्हणून तीन वेळा सोडवलं, त्याची भोकं वाकडी.

"काका, विष्णू येणार आहेत का कामाला?" बोऱ्हाडे म्हणाले. लोक हसून लोळायचे बाकी राहिले.

"पहिली जोडी चुकली असेल हो. वय झालं," जोशीबाईंनी फ्रीजचा सूड उगवला.

मला वाटलं, आता काका उसळणार, अहिराणी सुटणार. काका फक्त म्हणाले, "चुकलं असेल." आणि खालच्या भोकांनाही नवे मोजे बसवायला लागले. मला गणित सुटेना. चुकीच्या भोकांना पत्रा मारून बुजवायचं, तर हा माणूस त्यांना नवे मोजे का घालतोय?

त्या गुरुवारी काका गांगुर्डेंकडून आले ते पिशवीत लोखंडी तवा घेऊन. पार गंजलेला.

"चुलीशेजारी खिळ्याला टांगलेला होता," काका म्हणाले. "वहिनींचा. दीड वर्ष उतरवलेलाच नाही. त्याला कळलंसुद्धा नाही मी नेलेला."

त्यांनी तवा पेटीत ठेवला, हात घातले आणि पायाने पेडल दाबलं. सूंऽऽ आवाज झाला, आणि तपकिरी तव्यावर राखाडी पट्टा उमटत गेला. सगळी गल्ली काचेवर वाकली होती. धुळीचा कण बाहेर नाही! आणि तवा बरोबर अर्धा झाला तेव्हा काकांनी पेडल सोडलं.

"पुढे?" आम्ही सगळे.

"फर्स्ट शिफ्ट संपली," काका म्हणाले. तव्याच्या मधोमध खडूने रेघ मारली, गंजक्या बाजूवर लिहिलं 'सेकंड शिफ्ट', आणि दुसऱ्या दिवशी जाऊन तो तसाच्या तसा गांगुर्डेंच्या खिळ्याला टांगून आले.

शुक्रवार गेला. शनिवार गेला. रविवारी काका तीन वाजता शेडमध्ये जाऊन उभे राहिले आणि साडेतीनला घरात आले. सोमवारीही तसंच. काकू मला भिंतीवरून म्हणाल्या, "आज जेवले नाहीत हो नीट." मंगळवारी मी शाळेतून थेट काकांच्या दाराशी आले.

तीनला दोन मिनिटं कमी असताना गल्लीत रिक्षा थांबली. एक बुटके गृहस्थ उतरले, दाढी वाढलेली, हातात पिशवी. माझ्याकडे न बघता म्हणाले, "कुठे आहे तो?" मी शेडकडे बोट केलं आणि मागोमाग गेले. गेलेच! मला राहवणार होतं का?

गांगुर्डेंनी तवा काढून टेबलावर आपटला. "असा अर्धा जॉब ठेवतं का कोणी? लाज वाटते का? चार दिवस झोप नाही मला!"

काका पेटीत हात घालून पाठमोरे उभे होते. वळलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "उना का?"

गांगुर्डेंनी आपटलेला तवा टेबलावर सरळ करून ठेवला. मग खोल आवाजात म्हणाले, "उनू."

"आलास का, आलो," काकू माझ्या कानाशी कुजबुजल्या. "बत्तीस वर्षं रोज तीनला हेच."

काकांनी हात काढले, तवा आत ठेवला आणि आपल्या जागेवर उभे राहिले. गांगुर्डे डाव्या बाजूला आले. आल्या आल्या त्यांचा उजवा पाय जमिनीवर काहीतरी चाचपायला लागला.

"पाट नाही लागणार," काका म्हणाले.

कंपनीतलं मशीन उंच होतं. गांगुर्डेंना उभं राहायला लाकडी पाट लागायचा, आणि तीनला निघताना तो पाट पायाने जागेवर सरकवून ठेवायचं काम काकांचं. हे काकूंनी मला नंतर सांगितलं. तेव्हा मी एवढंच पाहिलं, की गांगुर्डेंनी त्या चुकलेल्या भोकांत हात घातले आणि कोपर बरोबर कडेवर टेकले.

"माप कधी घेतलंस?" गांगुर्डेंनी विचारलं.

"पाट दोन इंचाचा होता," काका म्हणाले.

पेडल दाबलं गेलं. उरलेला अर्धा तवा उजळत गेला. मध्येच गांगुर्डे म्हणाले, "तुनी बाजू खरबरीत शे." काकांनी ऐकून घेतलं. कुरडईच्या दिवशीसुद्धा ते इतके खूश दिसले नव्हते.

मग गांगुर्डेंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दोन्ही हात कोपरापर्यंत मोज्यात, पुसायचं कसं? काकांनी आपले हात काढले, खिशातून रुमाल काढला, मित्राचा चष्मा उतरवून त्याचे डोळे पुसले आणि चष्मा परत चढवला.

"धूळ गयी," काका मित्राच्या डोळ्यांकडे बोट करून आम्हाला म्हणाले.

मी मान डोलावली. फ्रीज माझा होता. त्यातून धुळीचा कण बाहेर येत नाही, हे मी स्वतः पट्टी लावून बघितलं होतं.