हसनचाचांचं जपान

दर रविवारी दुपारी तीन वाजता, बाहेर दुबईशेजारचं अजमान भाजून निघत असताना, आमच्या खोलीतला एसी बंद होतो. पाठोपाठ फ्रिज. मग पंखा. आम्ही पाच जण आपापल्या पलंगावर घाम गाळत गप्प पडून राहतो, कारण सहाव्या पलंगावर हसनचाचांचं जपान सुरू होणार असतं.

चाचा हर्णैचे. वय अठ्ठावन्न. त्यातली तीस वर्षं जबल अलीच्या एका गोदामात जुन्या जपानी गाड्यांचे सुटे भाग मोजण्यात गेली. तेवढ्यावर जपान आपल्याला आतून-बाहेरून कळतं असा त्यांचा दावा. एखादा आरसा नीट कागदात गुंडाळून आलेला दिसला की म्हणणार, “जपानी माणूस असाच. हळवा.”

मोबाईलवर ते एक जुनी जपानी कार्टून मालिका बघतात. तिकडच्या लोककथांची. हाताने रंगवलेले धुक्यातले डोंगर, गवताची छपरं, बोलणारे कोल्हे, आणि जवळजवळ प्रत्येक गोष्टीत एक म्हातारा आणि एक म्हातारी. चाचांना जपानीतला एक शब्द येत नाही, पण त्यामुळे त्यांचं काही अडत नाही. आवाज बंद करून, चित्रं बघत ते स्वतःच गोष्ट सांगतात आणि व्हॉइस मेसेजमध्ये भरून हर्णैला आठ वर्षांच्या नातीला, अलिनाला, पाठवतात. इथून फुकटचा कॉल लागत नाही, मेसेज मात्र जातो. तिकडे अलिना तोच भाग उघडते, आवाज बंद करते आणि कानाला नाना लावते. नाना म्हणतात, “एक, दोन, यल्ला.” यल्लाला तिने व्हिडिओ सुरू करायचा. मग जपानी कोल्हा हर्णैच्या ओटीवर नानांच्या आवाजात बोलू लागतो.

चाचांच्या जपानात शिंगवाला राक्षस सुपरवायझर असतो आणि पहाटे पाचला हजेरी घेतो. डोंगरावरचा साधू सगळ्यांना हबीबी म्हणतो. वारा हवा असला की चाचा एका हाताने प्लास्टिकची पिशवी चुरगळतात.

मी तत्त्वाचा माणूस. माझ्या वडिलांनी हयातभर पत्रकं छापली, मी अक्षरं गिरवली ती ‘निषेध’ या शब्दावर. एसी हा सहाही कामगारांचा हक्क आहे, असं पत्रक लिहून मी दारावर चिकटवलं. चाचांनी ते दोनदा वाचलं. “अक्षर झकास आहे रे पुढारी,” म्हणाले, आणि रविवारी त्याचीच घडी करून दाराखालच्या फटीत खुपसली. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून.

तरी खरं सांगायचं तर मी ऐकत असायचो. पडदे ओढलेले, चाचांच्या पांढऱ्या दाढीवर मोबाईलचा निळा उजेड, पिशवीतला वारा. उकाड्याने डोळे मिटायला लागायचे आणि खोलीत कुठूनतरी बांबूचं बन उगवायचं.

त्या बनाच्याच गोष्टीने घोटाळा केला. म्हाताऱ्याला बांबूत अंगठ्याएवढी मुलगी सापडते. ती मोठी होते, आणि एका पौर्णिमेला चंद्रावरची माणसं येऊन तिला घेऊन जातात. चाचांनी सांगितलं, ती चंद्रावर कामाला गेली. कंपनी चांगली होती. दर दोन वर्षांनी सुट्टीवर येते, बॅग भरून.

लहान मुलीशी खोटं बोलणं मला सहन होईना. भागाची लिंक चाचा नेहमी मलाच पाठवायला सांगत. या वेळी मी त्याच भागाची इंग्रजी सबटायटल असलेली लिंक शोधून पाठवली. मुलांना सत्य कळलं पाहिजे.

ते कळलं. अलिना इंग्रजी शाळेत जाते. तिचा मेसेज आला, “नाना, यू आर राँग. शी नेव्हर कम्स बॅक. खाली लिहिलंय.”

चाचांनी तो तीनदा ऐकला. पुढच्या रविवारी तीन वाजता एसी चालूच राहिला. छान गारवा होता आणि कुणालाही झोप लागली नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. तिकडूनही काही आलं नाही. शेवटी शेजारच्या पलंगावरचा साताऱ्याचा दिनकर मला म्हणाला, पुढारी, उठ आणि माफी माग.

मी गेलो. पण तोंडातून निघालं ते असं, की चाचा, मी खरं तेच पाठवलं होतं.

“मला काय दिसत नव्हतं?” चाचा म्हणाले. “म्हातारा-म्हातारी रडतायत, पोरगी मागे वळून बघत नाही. गेली ती गेली, एवढं जपानी मला येतं. पण मी अलिनाला दर ईदला सांगतो, पुढच्या ईदला येतो. पाच वर्षं झाली. मागच्या सुट्टीहून मी निघालो तेव्हा ती तीन वर्षांची होती, तिला माझा चेहरासुद्धा आठवत नसेल. गेलेलं माणूस परत येत नाही, हे मीच तिला कसं सांगू?”



त्या संध्याकाळी अलिनाचा मेसेज आला. चाचांनी मुद्दाम मोठ्याने लावला, आम्ही सगळे उठून बसलो. “नाना, मी परत बघितलं. आवाज बंद करून. आणि खालचं लिहिलेलं हाताने झाकून. ती सुट्टीवर येते ना, तेव्हा किती दिवस राहते?”

चाचा मोबाईल तोंडाजवळ धरून, अंगठ्याने बटण दाबून बसले. मग अंगठा उचलला.

“पत्रकं लिहितोस ना,” ते मला म्हणाले, “मग एक अर्ज लिही. साठ दिवसांचा.”

मी कंपनीचा फॉर्म काढला आणि सवयीने इंग्रजीत सुरुवात केली, आम्ही मागणी करतो की. चाचांनी माझ्याकडून मराठीत वाचून घेतलं. “मागणी नको रे. विनंती लिही.” मी तो शब्द जन्मात लिहिला नव्हता. लिहिला. खाली कारणाचा रकाना होता, त्यात मी ‘कौटुंबिक’ असं भरलं. तेही त्यांनी खोडायला लावलं.

“नात वाट बघतेय, असं लिही,” ते म्हणाले. मी लिहायला घेतलं, तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला.

“थांब. मी वाट बघतोय, असं लिही.”