गुप्ते सरांची पिशवी

गुप्ते सरांना अलकापुरीचा रस्ता विचारलात, तर ते रस्ता सांगत नसत, "तिकडे काय काम काढलंत?" असं विचारत. काम सांगितलं की त्यावर आणखी दोन प्रश्न. तेवढ्यात समोरून रिक्षा निघून जाई.

बडोद्यात वाडी भागातल्या आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवत, मी मराठी. शिक्षकखोलीत आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी. बाकीचे वर्गावर पुस्तक नेत, सर कापडी पिशवी नेत. आत काय आहे ते मुलांनी प्रश्न विचारून शोधायचं. सर फक्त हो किंवा नाही म्हणणार. कधी आत स्कूटरचा जुना प्लग, कधी सुगरणीचं रिकामं घरटं. मुलं भराभर अंदाज ठोकू लागली की म्हणत, "उतावळ नको रे, शांतीथी विचारा!" तीन पिढ्या बडोद्यात काढलेल्या घरातल्या माणसाचं मराठी हे असं.

एकदा तास संपत आला तरी कोणाला ओळखता येईना. शेवटी एक मुलगा वैतागून म्हणाला, "सर, आत काही आहे तरी का?" पिशवी रिकामी होती. सर आनंदाने असे काही ओरडले, की मुख्याध्यापक बाई धावत आल्या.

"गुप्तेसाहेब, अभ्यासक्रम कधी पुरा होणार?"

"बाई, प्रश्न छान आहे," सर म्हणाले. बाई आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

सर निवृत्तीला आले तेव्हा कुठे शिक्षण खात्यातल्या एका साहेबांनी तो तास पाहिला. साहेब खूश. शिकवण्यात सर्जनशीलता यायला हवी, असं वरून ठरलेलंच होतं. ती आता शहरातल्या सगळ्या शाळांत पिशवीतून येणार होती. सरांनी नवा बुशशर्ट शिवला. "माझं एवढंच राहिलं होतं बघा," मला म्हणाले. "मी नसलो तरी पोरं विचारत राहतील." त्यांचे डोळे भरले होते. मी उगाच वह्या तपासत बसले.

मग परिपत्रक निघालं. पिशवी निळी, बारा बाय सोळा इंच. आत स्टीलची वाटी. सोबत दहा प्रश्नांचा कागद. प्रश्न विद्यार्थ्यांकडून पाठ करून घ्यावेत.

निवृत्तीनंतर सर मला घेऊन फतेगंजमधल्या एका गुजराती शाळेत हा तास बघायला गेले. दुपारची वेळ. तिथल्या बाईंनी पिशवी वर धरली आणि वर्ग एका सुरात सुरू झाला. "वस्तु सजीव छे?" "ना!" म्हणाल्या बाई. दहावा प्रश्न संपताच "वाटकी!" असं ओरडून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

सर खाली बघत होते. मग उठले, बाईंच्या हातातली पिशवी घेऊन टेबलावर ठेवली आणि मुलांना म्हणाले, "हवे मने पूछो. जे मनमां आवे ते." आता मला विचारा, मनाला येईल ते.

मुलांनी बाईंकडे पाहिलं. कागदावर हे नव्हतंच. बाई घड्याळ बघू लागल्या. सर उभेच, नव्या बुशशर्टात, आणि मला त्यांच्याकडे बघवेना. एवढ्यात पुढच्या बाकावरची एक चिमुरडी हळूच म्हणाली, "सर, तमे जम्या?"

जेवलात का. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, वारल्यापासून सर एकटेच राहत, मुलगा कॅनडात.

"घेर कोई पूछतुं नथी, बेटा," ते म्हणाले आणि खुर्चीवर बसले.

पोरीने दप्तरातून डबा काढून थेपला पुढे केला. सरांनी तो तिथेच, सगळ्यांसमोर खाल्ला. मग वर्गाला जी काही वाचा फुटली! स्वयंपाक कोण करतं, थेपले येतात का, रात्री भीती वाटते का, मुलगा फोन करतो का. सर एकेकाला नीट सांगत होते.

मी मागे उभी राहून रडत होते. वहिनी गेल्यानंतर दोन वर्षं मी शिक्षकखोलीत त्यांच्या शेजारी बसून माझा डबा खाल्ला, आणि यातला एकही प्रश्न मी त्यांना कधी विचारला नव्हता.