दिलावरभाईंची दूधगंगा

आयुष्यात मी मूर्खपणा पुष्कळ केला. पण वर्तमानपत्रात छापून, चौकटीत घालून, गावभर वाटून असा एकदाच केला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, गुढीपाडव्याच्या तोंडावर, मी अख्ख्या कोल्हापूरला एका लॅपटॉपच्या आगमनाचं निमंत्रण दिलं. लॅपटॉप तयार नव्हता. म्हणजे झाकण होतं, पडदा होता, कीबोर्ड होता. ज्याच्या जोरावर तो चालतो ती चिप तेवढी नव्हती.

तेव्हा मी शेहेचाळीस वर्षांची होते आणि कॉम्प्युटरचा तीन महिन्यांचा कोर्स करून बसले होते. त्याचं सर्टिफिकेट फ्रेम करून मी सासऱ्यांच्या फोटोशेजारी लावलं होतं, आणि पुसताना फडकं आधी सर्टिफिकेटवर फिरायचं. चष्म्याला साखळी लावली होती. कोणी विचारलं की "मी कॉम्प्युटर लाइनला आहे" असं सांगायची. खरं काम काय, तर शिरोली एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये पत्रं लिहायची, फोन घ्यायचे आणि चहाची साखर संपत आली की ओरडायचं.

ती शेड दिलावरभाई मणेरांची. तिथे ते लॅपटॉप बनवत. माझी नात यावर विश्वास ठेवत नाही. "आजी, कोल्हापुरात गूळ होतो. लॅपटॉप नाही होत," म्हणते. होत होते बाई. तैवानहून रिकामे सांगाडे यायचे, मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून चिपा यायच्या, आणि दिलावरभाई आणि सुनंदा कांबळे अशी दोघं मिळून ते जोडायची. सुनंदा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेली, बोलायला कमी आणि हाताला नेमकी. मशिनच्या झाकणावर नदीचं नाव असायचं. पहिलं मॉडेल भोगावती. दुसरं यायचं होतं, त्याचं नाव दूधगंगा. तिसऱ्यासाठी पंचगंगा राखून ठेवली होती.

दिलावरभाईंनी त्याआधी वीस वर्षं मुरगूडच्या बाजारात रेडिओ दुरुस्त केले होते, आणि ती सवय काही गेली नव्हती. लॅपटॉप समोर आला की ते आधी पायातल्या वहाणा काढत, मग मशिन उचलून कानाला लावत. डोळे मिटून ऐकत. मग "पंखा कुरकुरतोय" किंवा "हार्ड डिस्क थकल्यासारकी वाटती" असं सांगत. मी हसायची. सुनंदा मशिन उघडून बघायची, आणि मग माझं हसू मला आवरून घ्यावं लागायचं, कारण त्यांचं म्हणणं नेहमी बरोबर निघायचं.

चिपेला ते कधी चिप म्हणाले नाहीत. ती त्यांची वस्ताद. "तालमीत पैलवान कितीबी असू द्यात, वस्ताद न्हाय तर नुसती अंगं." रोज सकाळी अकरा वाजता मुंबईला फोन लावून, सगळ्या एमआयडीसीला ऐकू जाईल अशा आवाजात ते विचारत, "शेठ, वस्ताद निघालं का?" आणि शेठ रोज म्हणत, पुढच्या आठवड्यात. भोगावतीतली चिप जुनी होऊन गेली होती. दूधगंगेचे सांगाडे वर्षभर कपाटात प्लॅस्टिक पांघरून बसले होते. पण शेठच्या हाती वस्ताद लागायचे तेव्हा ते आधी मोठ्या कंपन्यांकडे जायचे.

मला फार संताप यायचा. दिलावरभाईंना यायचा नाही. "बाई, वस्ताद करणारी जगात घरं दोन-चार," ते मला समजावत. "त्येंच्या पंगतीला आदी मोठी मानसं बसनार. आपुन शेवटच्या पंगतीतलं. वाढपी आपल्यापतूर येस्तवर जिलबी संपल्याली असती. त्यात वाढप्याचा काय दोष?"

यावर कळस म्हणजे ते आलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवत. शेजारच्या फाउंड्रीचे मालक एकदा भोगावती न्यायला तयार होऊन आले. दिलावरभाईंनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, आणि आत्ता घेऊ नका म्हणून सांगितलं; दूधगंगा येतेय, ती जास्त चांगली, थांबा. मालक वैतागले. मग शेड उघडून बसलाय कशाला, म्हणाले. "तुमास्नी खरं सांगाया," दिलावरभाई म्हणाले. अशी नावं नोंदवून थांबलेली माणसं वहीत वाढत गेली, भोगावती खपेना, दूधगंगा येईना. त्या वहीतली माणसं कंटाळून निघून गेली तर शेडला कुलूप लागणार, हे मलासुद्धा दिसत होतं.

अशात राधानगरीकडच्या एका दूध डेअरीतली भोगावती बंद पडली. दिलावरभाई दुरुस्तीला स्वतः जात आणि मशिन चालू झाल्याशिवाय हलत नसत. ते गेले, आणि दुसऱ्या दिवशी मुंबईचा फॅक्स आला: माल निघाला. मी बोटं मोजली. पाडव्याला चार दिवस होते. दिलावरभाईंचा नियम असा की वस्ताद हातात येऊन, मशिनमध्ये बसून, रात्रभर चालल्याशिवाय कुठे बोलायचं नाही. पण मी कॉम्प्युटर लाइनला होते ना. मी जाहिरात लिहिली.

जाहिरात कशी लिहितात हे मला ठाऊक नव्हतं. आयुष्यात मी फक्त भाच्या-पुतण्यांच्या लग्नपत्रिकांचे मजकूर लिहिले होते. तेव्हा मी लिहिलं: "आमचे येथे श्रीकृपेकरून दूधगंगा या लॅपटॉपचे शुभागमन पाडव्याच्या मुहूर्तावर योजिले आहे. तरी आपण सहकुटुंब, सहपरिवार उपस्थित राहून कार्यास शोभा आणावी." खाली आपला नम्र, दिलावर मणेर.

पाडव्याच्या आदल्या दिवशी, जाहिरात छापून आली त्याच संध्याकाळी, शेठचा फोन आला. वाटेतच एका मोठ्या कंपनीने सगळा माल उचलला होता. पुढचा महिनाभर काही नाही. दिलावरभाई तेव्हाच राधानगरीहून परतले होते. त्यांनी जाहिरात दोनदा वाचली, घडी केली आणि एवढंच म्हणाले, "मजकूर झ्याक हाय."

मला रडू आलं. पण माझा शहाणपणा रडतानाही थांबला नव्हता. मी सुचवलं की भोगावतीतल्या जुन्या चिपा काढून दूधगंगेत बसवू या. बाहेरून कोणाला काय कळतंय, नव्या आल्या की गुपचूप बदलू. सुनंदाने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी चष्मा काढून टाकला. दिलावरभाई रागावले नाहीत. झाकणावरच्या अक्षरांवरून त्यांनी अंगठा फिरवला.

"बाई, वर दूधगंगा लिवायचं आनि आत दुसरंच पानी भरायचं व्हय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आठपासून माणसं येऊ लागली. सहकुटुंब म्हटलं होतं, तर सहकुटुंबच आली. वहीत नाव असलेली आली, नसलेलीही आली. सुना आल्या, सासवा आल्या, फेटे बांधून दोन-चार आजोबा आले. मुरगूडहून एक ट्रॅक्स भरून आली. त्यातल्या अर्ध्या लोकांना लॅपटॉप खायचा की प्यायचा हेही माहीत नव्हतं. कोणी नारळ आणला होता. एका बाईंनी साखरेची गाठी आणली होती, ती त्यांनी हळदीकुंकू वाहून सरळ दूधगंगेच्या पडद्यावर अडकवली. मी खुर्चीमागे उभी राहून शेडची फरशी दुभंगून पोटात घेईल तर बरं अशी वाट बघत होते.

फाउंड्रीच्या मालकांनी मशिन चालू करायला सांगितलं. दिलावरभाईंनी वहाणा काढल्या, गाठी बाजूला सरकवली, मशिन उलटं केलं, चार स्क्रू काढले आणि ते सगळ्यांसमोर उघडं करून ठेवलं. मधल्या रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं. इथे वस्ताद बसणार, ते सांगू लागले. अजून आलेले नाहीत, मोठ्यांच्या दारात अडकलेत.

मालकांनी आवाज चढवला. नव्हते तर छापलं कशाला, त्यांनी विचारलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात दिलावरभाई म्हणाले, "जाहिरात माजी. मला घाई झाली."

मग त्यांनी एक भोगावती उघडली, तिच्यातला वस्ताद चिमट्याने उचलून दाखवला, आणि अंगठ्याच्या नखाएवढ्या त्या तुकड्यात काय काय असतं ते असं सांगितलं की फेटेवाले आजोबासुद्धा गुडघ्यावर हात ठेवून वाकले. पोरांना त्यांनी दुसरी एक चालू भोगावती कानाला लावून ऐकायला दिली. सुनंदाने उसाचा रस मागवला. दुपारपर्यंत कोणी हललं नाही. जाताना दोघांनी वहीतलं नाव खोडलं. बाकीचे थांबतो म्हणाले. फाउंड्रीचे मालक सगळ्यात शेवटी गेले; नाव खोडायला म्हणून त्यांनी पेन घेतलं, आणि मेव्हण्याचं नाव खाली वाढवून गेले.

चिपा पाऊस संपता संपता आल्या. तोवर पुण्याच्या दुकानांत मोठ्या कंपन्यांची त्याच्या पुढची मॉडेलं लागली होती; आमची दूधगंगा नवी म्हणून आली ती वर्षाने जुनी होऊनच. पण वहीतली माणसं थांबली होती, आणि त्यांनी ती नेली. पंचगंगा मात्र कधीच झाली नाही. शेड पुढे सहा वर्षं चालली, ती जुनी मशिनं कानाला लावून दुरुस्त करण्यावर.

त्या पाडव्याच्या दुसऱ्या दिवसाचं मात्र सांगायला हवं. मी राजीनामा लिहून नेला होता; तीन पानी, शुद्ध मराठीत, त्यात "अक्षम्य अपराध" दोनदा. दिलावरभाई टेबलाशी वाकून गाठीमुळे दूधगंगेत शिरलेल्या मुंग्या एकेक करून चिमट्याने बाहेर काढत होते. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. तिथे एक खाट, एक स्टोव्ह, एकच ताट. चार वर्षं मी त्यांच्या समोर बसत होते, आणि जेवण कुठे करता एवढंही कधी विचारलं नव्हतं.

त्यांनी तिन्ही पानं सावकाश वाचली. शेवटच्या पानावर एक मुंगी चढली होती, ती फुंकरीने उडवली आणि कागद माझ्या हातात परत दिले.

"ऱ्हाऊ द्या, बाई. आमची घरवाली जैबून गेल्यापास्नं सनाला माज्या दारात कोन आलं न्हवतं. काल चपला ठिवाया जागा न्हवती. फुडच्या पाडव्याला बी असंच छापा, मशीन असू द्या न्हाय तर नसू द्या."