पहिल्या तोड्याची भेंडी

बंडी जुंपून उभी होती, भेंडीची लहानशी पाटी भरून ओट्यावर तयार होती, आणि भगवंतरावांची चार वर्षांची नात रुख्मिणी ओठ मिटून ताटापुढे बसली होती.

घरचा नेमच तसा. पहिल्या तोड्याची भेंडी घरातल्या प्रत्येकाच्या पोटात गेल्याशिवाय बाजारात जात नसे. सगळ्यांची खाऊन झाली. राहिली ती एवढीशी पोर. रिसोडचा बाजार आठवड्यातून एकदाच. आजचा चुकला, की तोडलेली भेंडी मलूल होऊन गुरांपुढे जाणार.

"काहून खात नाई, माय?" भगवंतरावांनी हळूच विचारलं.

रुख्मिणीनं भेंडीचा तुकडा उचलला. मागोमाग चिकट तार लोंबली.

"रडून राह्यली थे, आबाजी."

चाळीस वर्षं मळा केलेल्या भगवंतरावांनी वाकून ती तार निरखून पाहिली.

तिच्या आईनं, तुळसाबाईनं, तुकडा भाकरीत दडवून भरवला. पोरीनं भाकरी गिळली आणि तुकडा जिभेनं काढून ताटाच्या काठावर ठेवला. मग दुसरा गुळात घोळला. गूळ संपला, तुकडा पहिल्याशेजारी जाऊन बसला.

"या साली राहू द्या नेम, बाबा," मुलगा रंगराव म्हणाला.

"माह्या मायचा नेम हाय थो. आपून कोन मोडनारे?"

"भगवंतराव, बैलं कटाळले," बंडीवाल्या उकंडरावानं बाहेरून हाक दिली.

शेवटी आजी उठली. "रडते त तिचं तोंड पुसा न," म्हणत प्रयागबाईनं पाटीतली ओंजळभर भेंडी कोरड्या फडक्यानं पुसली, बारीक चिरली आणि तेल-मीठ घालून तव्यावर खडखडीत परतली. रुख्मिणीनं एक चकती कानाशी धरून मोडली. आवाज पटला. मग खाल्ली.

"अजून."

नेम पुरा झाला, पण पोरीचं पोट भरलं नव्हतं. दुसरा तवा चढला. तिनं एक चकती आबाजींच्या तोंडात घातली, एक बापाच्या. तिसरा तवा त्या दोघांनीच मागितला. घाई करायला उकंडराव आत आला, तोही मांडी घालून बसला.

ऊन अंगणभर झालं तेव्हा भगवंतरावांनी पाटी उचलली. ती फारच सहज उचलली गेली. तळाशी तीन भेंड्या होत्या.

"बाजारात काय नेता आता?" प्रयागबाईनं विचारलं.

भगवंतरावांनी मिशीला लागलेलं मीठ पुसलं. "माय म्हने, पयला तोडा घरचाच. बाजाराचं थे मी मागून जोडलं होतं."

सासूजवळ तीस वर्षं राहूनही प्रयागबाईनं हे आज पहिल्यांदाच ऐकलं. तिनं त्यांच्या हातातली पाटी घेतली आणि उरलेल्या तिन्ही चिरल्या.