मागे खोचलेली चावी

"ताई, मशीनची नक्कल होते, मशीनच्या मागे खोचलेल्या वस्तूंची नाही. एकदा मागून हात फिरवून बघा," असं ऑफिसातल्या तात्यांनी तिला बजावलं होतं. तिनं ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं.

धापा टाकणारे जुने सर्व्हर बंद करून, ते जसेच्या तसे एका नव्या मशीनच्या पोटात आभासी रूपानं बसवायचं काम तिच्याकडे होतं. आज शेवटचा उरला होता. सर्व्हरच्या खोलीचं कुलूप आणि पहाऱ्याचे कॅमेरे तोच सांभाळायचा. त्या कॅमेऱ्यांत तिनं गुपचूप घरच्या पाळण्यावरचा कॅमेराही घुसवला होता. आपली पापणी लवली की बाळाला काहीतरी होणार, ही तिची खात्री.

"तात्या, तुम्ही खोलीत जुन्या मशीनपाशी बसा. मी येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. दोन्ही एकदम चालू झाले तर गाठ माझ्याशी आहे."

"नाही लावत, बाई."

आपल्या जागेवर येऊन तिनं जुना बंद केला, नव्या मशीनमधली त्याची नक्कल चालू केली. स्क्रीनवर बाळ शांत झोपलं होतं. बऱ्याच वेळानं पाहिलं, तर तसंच. कूस बदलली नाही, मूठ हलली नाही. अर्धा निघालेला मोजाही तसाच. तिनं घरी फोन लावला. सासूबाई फोन उचलेनात.

"साहेब, बाळ हलत नाहीये."

साहेबांनी स्क्रीन पाहिली आणि त्यांच्या हातातला चहा टेबलावर सांडला. "चला, गाडी काढतो." त्यांच्या मागे सगळं ऑफिस धावलं.

दार उघडलं सासूबाईंनी. केस पिठानं पांढरे. मागे जमिनीवर, पिठाच्या डब्याशेजारी, बाळ टाळ्या वाजवत बसलेलं.

"फोन का नाही उचलला, आई?"

"उचलते कशी? तुझ्या लेकानं तो डब्यात पुरलाय. आणि ही वरात कशाला?"

तिनं बाळाला उचलून छातीशी धरलं. बाळ कडेवर, आणि मोबाइलवर बघावं तर तेच बाळ पाळण्यात गाढ झोपलेलं.  मग तिला आठवलं: जुन्या सर्व्हरच्या मागे पेन ड्राइव्हसारखी, अंगठ्याएवढी परवान्याची एक चावी खोचलेली होती. ती नसली की कुलूप-कॅमेऱ्यांचा प्रोग्राम अडतो, शेवटचं चित्र धरून बसतो. आणि कुलूपही उघडत नाही, ना बाहेरून, ना आतून.

"साहेब, ऑफिसात कोण आहे?"

"कोण असणार? सगळे इथंच आहोत की."

त्या खोलीत मोबाइलला रेंज नाही. आणि तात्या शब्दाचे पक्के.

ती निघाली आहे, पण रस्ता तुंबलाय. तुम्ही ऑफिसच्या बाजूला असाल, तर जरा त्या खोलीचं दार ठोठावून बघाल का? आणि आतल्या तात्यांना जुनं मशीन चालू करायला सांगा. ताईंचाच निरोप आहे म्हणा, नाहीतर ते हात लावायचे नाहीत.