माळाचा बिनपगारी राखणदार

माझं अक्षर वाकडं आहे आणि शुद्धलेखन चौथीत सुटलं ते सुटलंच. हे पान कधी कुणाच्या हाती लागलं तर सांभाळून घ्यावं. पण ज्यांच्याविषयी लिहिते आहे ते जिनाप्पा माझ्या अक्षराहूनही वाकडे आहेत, म्हणून जरा धीर आला.

जिनाप्पा येणाऱ्याजाणाऱ्याचे खिसे तपासतात.

ते पोलीस नाहीत, फॉरेस्टमध्येही नाहीत. आमच्या गावाच्या वर राखीव रानाचा माळ आहे आणि तिकडं जाणारी पायवाट त्यांच्या कट्ट्यापासून निघते, एवढाच त्यांचा हुद्दा. आमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून. दारात विड्या वळत बसले की सगळा तमाशा मला फुकट दिसतो. पांढरी टोपी, आडवी काठी आणि, "खिसं दावा." वर जाणाऱ्याची काडीपेटी काढून घेणार, खाली येणाऱ्याच्या हातातलं फूलसुद्धा.

"आत इस्तव न्हाय, भाईर पान न्हाय."

उन्हाळ्यात बायका करवंदांना जातात. त्यांनाही सूट नाही. "जाळीपाशी बसून पोट फुटंस्तवर खावा. पदरात न्हाय." एक जण म्हणाली, "आप्पा, घरात पोरगं रडतंय की वो." आप्पा म्हणाले, "मग त्याला घिऊन जा वर. करवंद कुनाच्या घरला जात नसतंय."

एकदा फॉरेस्टचा नवा गार्ड आला. त्याचीही काडीपेटी मागितली. गार्ड कन्नडमधून तापला, "रान तुमचं का सरकारचं?" आप्पा कन्नडमधूनच शांतपणे म्हणाले, "सरकारचं. म्हणून तर म्हटलं, सरकारी माणसानं तरी तिथं विडी ओढू नये." त्याच्या खिशातली विडी कदाचित मीच वळलेली असेल, म्हणून मी तोंड आत घेतलं.

त्यांचा दुसरा नेम जेवणाचा. आप्पा जैन, दिवस बुडायच्या आत जेवणार. नाही जमलं तर उपाशी झोपणार. एकदा बेळगावहून येताना गाडीला उशीर झाला. ऊन कलतंय असं बघून हे मधेच उतरले, बांधावर बसून शिदोरी सोडली आणि उरलेली वाट चालत आले. वर आम्हालाच म्हणाले, "गाडी दुसरी मिळती. दिवस मिळतोय व्हय?"

आक्का, म्हणजे त्यांची बायको, गेल्यापासून ते एकटेच रांधतात, एकटेच जेवतात. मुलगा सन्मती परदेशात आहे. समुद्रात तळाला भोक पाडून तेल काढतात, त्या यंत्रावर कामाला. येणं फार कमी. कुणी विचारलं तर आप्पा, "पान्यात असतोय," एवढंच सांगतात. त्याला फोन माझ्या मोबाईलवरून लागतो, कारण आप्पांचं बोट नेहमी भलत्याच ठिकाणी पडतं.

यंदा माळाखाली मोठ्या गाड्या येऊन थांबल्या. जमिनीखाली गॅस असेल म्हणतात, आधी माळावर एक खोल भोक पाडून बघायचं. रान राखीव, तेव्हा परवानगी वरून यायची, पण गावाचं मत ग्रामसभेत घेणार होते.

गावात दोन फळ्या पडल्या. बेळगावात उद्यमबागेत खोली करून राहणारी, कारखान्याच्या भट्टीपुढं भाजून निघणारी पोरं म्हणाली, "गावात काम ईत असंल तर झाडांची आरती करत बसायचं काय?" त्यांचंही खोटं नव्हतं. विहिरीवाले म्हणाले, "झरं माळावरनं येत्यात. ते आटलं तर गॅस पिनार हाईस व्हय रं?" एका गोष्टीवर मात्र दोन्हीकडच्यांचं एकमत होतं: जिनाप्पा गाडीखाली आडवे पडणार.

गॅस कंपनीचे साहेब समजावून सांगायला आले तेव्हा आप्पा उठले. विहिरीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. आप्पांनी विचारलं, "साहेब, परदेशात हेच काम केलेला मानूस असला, तर घेता काय?"

"हो तर. अनुभवी आणि गावचा असेल तर आधी घेऊ."

आप्पा खाली बसले. मागून कुणीतरी ओरडलं, "आता खिसं कुनाचं बघायचं, आप्पा?" लोक हसले. आप्पा काठीच्या टोकाकडं बघत राहिले.

त्या संध्याकाळी मी फोन लावून दिला. सन्मतीचा आवाज एवढा मोठा की ऐकू नको म्हटलं तरी ऐकू यायचं. "खरंच आप्पा? गावात? मग मी हितलं सोडतोच. रोज दिवस बुडायच्या आत घरला येतो की वो जेवायला!"

दुसऱ्या दिवशी आप्पांनी एक ताट जास्तीचं घासून कट्ट्यावर उन्हात ठेवलं. मी दारातनं बघितलं. पुढं ग्रामसभेपर्यंत त्यांनी कुणाचेच खिसे तपासले नाहीत. माळावर मात्र रोज जात होते, एकटेच.

ग्रामसभेत अध्यक्षांनी हात वर करायला सांगितलं. हवंवाल्यांचे हात झाले, आप्पांचा त्यात नव्हता. नकोवाल्यांचे वर झाले, त्यातही नव्हता. अध्यक्ष थट्टेनं म्हणाले, "आप्पा, तुमचा हात गहान टाकलाय काय?" तेव्हा तो नकोवाल्यांत वर आला. हळू आला, पण खाली लवकर गेला नाही. अध्यक्षांनी दोन्हीकडचे हात लिहून घेतले, वर कळवू म्हणाले. पुढं काय होईल ते वरच्यांना ठाऊक.

त्याच दिवशी ऊन कलताना आप्पा माझ्या दारात आले. मूठ मिटलेली. "लाव गं फोन. त्वांड दिसतंय तसला."

सन्मती दिसला. मागं नुसतं लोखंड आणि पाणी.

आप्पा म्हणाले, "मी नगं म्हनालो रं."

सन्मतीनं डोक्यावरची कामाची कडक टोपी काढली. मग म्हणाला, "ताट घासून ठेवलं हुतंसा म्हनं."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी विडीच्या सुपाकडं बघितलं.

"असू दे, आप्पा. करवंदं पिकली काय?"

आप्पांनी मूठ उघडून मोबाईलसमोर धरली. काळीभोर करवंदं, बोटांना चीक लागलेला. "ही बघ. आपल्या मोठ्या जाळीतली. तू आलास की वर जाऊन खाऊ."

"आप्पा, माळाखाली आनली तुमी?" सन्मती हसला, पण नीट हसता आलं नाही त्याला.

"तुला दावायपुरती."

फोन बंद झाला. त्यांच्या चुलीवर आमटी तयार होती, वास माझ्या दारापर्यंत येत होता. दिवस डोंगराला टेकला होता.

मी म्हटलं, "आप्पा, जेवून घ्या आधी. दिवस चाललाय."

"ही ठिवून येतो."

"सकाळी ठेवा की."

"भाईर पान न्हाय," म्हणाले, आणि मूठ मिटून माळाची वाट चढू लागले.