नऊ बोटांचं बटण

गेल्या एप्रिलमध्ये कारा-आर्चा तालुका प्रशासनाच्या साइटवर पुढील आदेश प्रसिद्ध झाला: 'मेंढे दोन, धष्टपुष्ट. कांदे एक पोतं. शनिवारी दुपारपर्यंत सबिराच्या अंगणात पोचवावेत.' आदेशाची अंमलबजावणी तत्परतेनं झाली. सात गावांनी चौदा मेंढे पोचवले आणि एका गावप्रमुखानं कांद्यांना झालेल्या उशिराबद्दल लेखी माफीही मागितली.

साइटवर मजकूर चढवण्याचं काम सबिरा-एजे एकोणीस वर्षं करत होत्या. थोरल्या बहिणीच्या मानानं सगळा तालुका त्यांना एजे म्हणे. भाच्याच्या लग्नाची यादी त्यांच्याकडून चुकून साइटच्या चौकटीत चिकटवली गेली होती. चौकशी झाली आणि दोष माणसाचा नसून संगणकाच्या पडद्याचा आहे, असा निष्कर्ष निघाला. पडद्यावर एक चौकट आणि एक बटण. लिहिलं की दाबलं, दाबलं की झालं. प्रशासनात एवढ्या लवकर काही होणं मुळातच आक्षेपार्ह होतं.

नवा पडदा आखायला राजधानी बिश्केकहून जिपारा नावाची मुलगी आली. तीन दिवस ती एजेंच्या शेजारी बसून, कणकेचे तळलेले बोर्सोक खात, त्या दोनच बोटांनी कसं टाइप करतात ते बघत राहिली.

"एजे, तुम्हाला नक्की काय हवंय?"

"चढवायच्या आधी एकदा डोळ्यांनी दिसावं. आणि चुकलंच तर मागं घेता यावं. बाकी काही नको गं."

जिपारानं नेमकं तेवढंच आखलं आणि नऊ जणांच्या समितीपुढे ठेवलं. अध्यक्ष होते उपप्रमुख तोलोगोन शार्शेनोविच. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"हे रिकामं दिसतंय."

"रिकामं नाही, सोपं आहे."

"सोपं असतं तर समिती कशाला नेमली असती, पोरी?"

मग समिती कामाला लागली. शिष्टाचार विभागाला प्रत्येक सूचनेवर तालुकाप्रमुखांचं छायाचित्र हवं होतं. संस्कृती विभागानं 'तालुक्याची एक उपलब्धी' ही ओळ सक्तीची केली. छोट्या मथळ्याचा लोकांना ताबडतोब अर्थ लागतो, हा धोका विधी सल्लागारांनी लक्षात आणून दिल्यावर मथळा किमान चौदा शब्दांचा ठरला. भाषा विभागानं मान्य शब्दांची यादी जोडली; तीत खराब, घाण, बिघाड असे मनोबल खचवणारे शब्द नव्हते. चढवायच्या आधी बघायची सोय जागेअभावी गेली. 'मागं घ्या' हे बटण एकमतानं काढण्यात आलं, कारण प्रशासन मागं जात नाही. तिसऱ्या बैठकीअखेर पडद्यावर त्रेसष्ट चौकटी होत्या, आणि प्रत्यक्ष मजकुरासाठी काडेपेटीएवढी जागा उरली होती.

प्रश्न राहिला तो 'प्रसिद्ध करा' या बटणाचा.

"दाबणाऱ्याचं नाव कुठं राहील का हो?" पशुवैद्यकीय निरीक्षकांनी विचारलं.

"राहील," जिपारा म्हणाली.

नऊही जणांनी हात टेबलाखाली घेतले. शेवटी तोडगा निघाला: नऊही सदस्यांनी आपापल्या फोनवरून एकाच मिनिटात बटण दाबायचं, म्हणजे ते कुणा एकानं दाबलं असं होणार नाही. या तोडग्याला टाळ्या पडल्या.

जुलैत धुवांधार पाऊस झाला. सकाळी दहाला प्रयोगशाळेतून फोन आला. "एजे, झऱ्यात कुरणातली घाण उतरलीय. लोकांना पाणी उकळून प्यायला सांगा. आत्ताच्या आत्ता!"

एजेंनी लिहिलं, 'पाणी उकळून प्या.'

'मथळ्यात अकरा शब्द कमी आहेत,' पडदा म्हणाला. त्यांनी झऱ्याची आणि घाणीची हकिकत आधी घालून अकरा भरले; उकळणं शेवटी गेलं. 'उपलब्धी नोंदवा.' त्यांनी लिहिलं, 'तालुक्यात पाणी आहे.' 'घाण हा शब्द मान्य नाही. सुचवलेला शब्द: समृद्धी.' दुपारी दोनला सगळ्या चौकटी भरल्या आणि पडदा नऊ बोटांची वाट पाहू लागला. दोन सदस्य बिश्केकला चर्चासत्रात होते, एक डोंगरावरच्या उन्हाळी कुरणात जिथं फोन लागत नाही तिथं, बाकीचे एका लग्नाच्या जेवणात.

"तोलोगोन शार्शेनोविच, बटण दाबा! पाणी चांगलं नाही!"

"बाकीच्यांनी दाबलं?"

"ते विचारतात, तुम्ही दाबलंत का."

"म्हणजे प्रक्रिया व्यवस्थित चालू आहे. थांबा हं, मटणानं घसा कोरडा पडलाय, जरा पाणी पिऊन बोलतो."

एजेंनी फोन आपटला, खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्यावर कोळशानं ठळक अक्षरात लिहिलं आणि पावाच्या भट्टीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. रांगेत मीही होतो. फोन काढून बघितलं.

"एजे, साइटवर तर काहीच नाही."

"अरे बाबा, साइटवर मीच लिहिते!"

"तेच म्हणतोय ना. तुम्हीच लिहिता, मग तिथं का नाही?"

माझा मुद्दा रांगेला पटला. लोकांनी पाव घेतले आणि घरी गेले. एजे अंधार पडेपर्यंत तिथंच उभ्या होत्या. हात भरून आले की पुठ्ठा डोक्यावर धरायच्या.

आठवड्याभरात संसर्गरोग रुग्णालयात खाटा पुरेनात. चर्चासत्रवाले परतून घोटभर पाणी प्यायले आणि आले. कुरणातले सदस्य तातडीच्या बैठकीसाठी खाली उतरले, वाटेत तहान लागली, तेही आले. नऊ जणांची समिती प्रथमच पूर्ण संख्येनं एका खोलीत जमली.

जिपारा तोंडाला फडकं बांधून दारात उभी राहिली. "सगळे आहात ना? फोन काढा."

सलाइन लावलेले आठ हात वर आले. पशुवैद्यकीय निरीक्षक संडासात होते. त्यांचा फोन दाराच्या फटीतून आत सरकवण्यात आला. परिचारिकेनं एक-दोन-तीन म्हटलं. सूचना प्रसिद्ध झाली.

एजेंनी ती वाचली, आणि दुसऱ्यांदा वाचली. तालुकाप्रमुखांचं छायाचित्र होतं, समृद्धी होती, तालुक्यात पाणी होतं.

"जिपारा, यात उकळायचं कुठाय?"

"मथळ्याचं शेपूट चौकटीत मावलं नाही, एजे. पडद्यानं आपणहून छाटलं." तिचे डोळे भरून आले होते. "माझ्या हातात खाली एक प्रश्न घालणंच होतं. 'ही सूचना आपण पूर्ण वाचलीत का?' एवढा एकच. कुणीतरी 'नाही' म्हणेल, तक्रार करेल, मग आपल्याला बदलता येईल."

दोघी संध्याकाळपर्यंत उत्तरं येताना बघत बसल्या. हो: दोन हजार तीनशे सेहेचाळीस. नाही: शून्य. हा प्रतिसाद पाहून समितीनं खाटांवरूनच अभिनंदनाचा ठराव केला आणि हा पडदा शेजारच्या चार तालुक्यांना सुचवला.

त्या दोन हजार तीनशे सेहेचाळीसमध्ये मी आहे. मथळा लांब होता, खाली 'हो' होतं, दाबलं आणि पेला भरून घेतला. हे मी रुग्णालयातूनच लिहितो आहे. तुम्ही मात्र इथवर एकही ओळ न गाळता वाचत आला असाल, याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही.